कोलकाता : चार रात्री, एक सासूबाई आणि मासे न खाणारे आम्ही (पाऊण) लोक. मदत हवी आहे

आवळासुपारी
मंडळी, संक्रांत झाली की दुसऱ्याच दिवशी पुण्याहून कोलकात्याला निघतोय. विमानाची तिकिटं काढून झालीत, म्हणजे 'जाऊ का' हा प्रश्न संपला, आता 'कसं' एवढाच उरलाय. गुरुवारी संध्याकाळी पोचणार, सोमवारी संध्याकाळी परत. माणसं चार : मी, नवरा, बारा वर्षांची लेक आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ बघायचाय, त्यांची तीस वर्षांची इच्छा आहे. गुडघे कुरकुरतात, पण हळूहळू चालतात. शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण शक्यतो नाही. नवऱ्याला फक्त मासे आणि रोल दिसतायत. मी आणि लेक अंड्यापर्यंत.

कच्चा आराखडा असा केलाय :
शुक्रवार – दक्षिणेश्वर, बेलूर, कालीघाट, संध्याकाळी पार्क स्ट्रीट
शनिवार – सायन्स सिटी, इको पार्क, कुमारटुली
रविवार – कॉलेज स्ट्रीट, कॉफी हाऊस, जोडासांकोची ठाकूरबाडी (रवींद्रनाथांचं घर)
सोमवार – व्हिक्टोरिया, इंडियन म्युझियम, मग विमानतळ

प्रश्न : १. हॉटेल कुठल्या भागात घ्यावं? २. सासूबाई काय खातील? ३. दुर्गापूजा नसताना कुमारटुलीत (मूर्तिकारांच्या वस्तीत) बघायला काही असतं का? ४. एका दिवसात सुंदरबन होईल का?

फिरस्ती_मी
४ चं उत्तर आधी देतो : नाही. जाण्यायेण्यातच दिवस जातो आणि वाघ काही तुमची वाट बघत बसलेला नसतो. सुंदरबनला वेगळी सुट्टी काढा.

रिकामटेकडा
रविवारी कॉलेज स्ट्रीट आणि सोमवारी म्युझियम. वा! बंद दरवाज्यांचा अभ्यासदौरा दिसतोय. :)

आवळासुपारी
@रिकामटेकडा, म्हणजे?

फिरस्ती_मी
रिका टवाळी करतोय, पण खरं बोलतोय. कॉलेज स्ट्रीटची पुस्तकांची दुकानं रविवारी बहुतेक सगळी बंद. आणि इंडियन म्युझियम, व्हिक्टोरियाच्या आतली दालनं, ठाकूरबाडी हे तिन्ही सोमवारी बंद. व्हिक्टोरियाची बाग तेवढी उघडी असते. तुमचा शनिवार रविवारी न्या, शनिवारी कॉलेज स्ट्रीट-जोडासांको करा आणि सोमवार अगदी मोकळा ठेवा. खरेदी, मिठाई, बाग. मार्बल पॅलेस मनात असेल तर तो सोमवारी आणि गुरुवारीही बंद असतो, शिवाय पर्यटन खात्याची परवानगी आधी काढावी लागते.

कडूकारले
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दोनदा जाऊन आलोय. धूळ, हॉर्न, पडक्या इमारती, त्यांच्या भिंतींतून उगवलेले पिंपळ, आणि प्रत्येक गोष्टीवर मोहरीचं तेल. एकाहत्तर वर्षांच्या बाईंना घेऊन तिथे कशाला? इंदूरला जा. स्वच्छ शहर, सराफा, छप्पन दुकान, राजवाडा, लालबाग, आणि शाकाहाराची ददात नाही. चौथ्या दिवशी महेश्वर. झालं.

आवळासुपारी
कारलेभाऊ, इंदूर दोनदा झालंय. आणि सासूबाईंना सराफ्यात रात्री अकराला गराडू (तळलेला कंद) खाऊ घालून बघितले आहेत, पुढचे दोन दिवस आम्ही हॉटेलातच होतो.

पेन्शनर_पंत
आमची बँकेची बदली १९८२ ते ८६ कलकत्त्यात होती. (हो, कलकत्ता. आम्हाला तेच तोंडात बसलंय.) भवानीपूरला एका मेसमध्ये राहायचो. लोडशेडिंग इतकं की मेणबत्तीच्या उजेडात माशाचे काटे काढायला शिकलो. ऑक्टोबर १९८४ मध्ये मेट्रो सुरू झाली, देशातली पहिली. एस्प्लनेड ते भवानीपूर एवढीच धावायची. पहिल्या आठवड्यात लोक नवे कपडे घालून, पोराबाळांना घेऊन आलेले, देवदर्शनाला यावेत तसे. स्टेशनात कोणी थुंकत नव्हतं. वर रस्त्यावर मात्र त्याच माणसांच्या पिचकाऱ्या.

कारलेसाहेब म्हणतात ते पिंपळ खरे आहेत. पण त्या पिंपळाखालच्या रकावर (म्हणजे घराबाहेरच्या ओट्यावर) चार म्हातारे बसून फुटबॉलच्या मोहन बागानवर भांडत असतात, ते ऐकायला मी आजही जाईन. आवळासुपारीताई, ट्रामचं काय ते आधीच विचारून ठेवा. बहुतेक मार्ग बंद केलेत म्हणतात. गरियाहाटहून एस्प्लनेडला ट्रामने जाणं ही आमची रविवारची करमणूक होती.

संत्रानगरी
राजेहो, विमान कायले पाहिजे? नागपुरातून गीतांजली पकडा, जेवून झोपा, उठा, हावडा! पुणेकरांसाठी आझाद हिंद हाय, पण तिच्यात दीड दिवस बसायले दम पाहिजे. बाकी आमच्या रघुजीराजे भोसल्यांच्या फौजा तं घोड्यावर गेल्या होत्या, कलकत्तेवाल्याईनं घाबरून खंदक खणला. मराठी माणूस आला म्हणून सांगा, हॉटेलात रूम पटकन भेटंल.

गरियाहाटची_सून
@संत्रानगरी, ते तेवढं सांगू नका बरं. :) मी लग्नानंतर एकोणीस वर्षं इथे आहे. लग्न ठरल्यावर आमच्या आजेसासूबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून काय म्हटलं असेल? "बर्गी एलो!" बर्गी आले. (बर्गी म्हणजे मराठा स्वार.) इथे अजून मुलांना झोपवताना बर्ग्यांची भीती घालणारं अंगाईगीत म्हणतात. माझ्या मुलाला सासूबाई तेच म्हणून झोपवायच्या आणि मी, बर्गीण, शेजारी बसून दुपटी घड्या करायचे.

आता धाग्याचं. आवळासुपारी, तुझा बेत वाईट नाही, पण तो पुण्याच्या नजरेने केलेला आहे. हे 'पॉइंट' बघायचं शहर नाही गं. उत्तर आणि दक्षिण अशी दोन वेगळी शहरं समज. एका दिवशी एकच बाजू. सकाळी दक्षिणेश्वर आणि दुपारी कालीघाट म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसरीकडे, आणि मध्ये अख्खी वाहतूक. कालीघाट सोडून दे, तिथली गर्दी आणि पंडे सासूबाईंना झेपणार नाहीत. दक्षिणेश्वरची काली पुरे.

दक्षिणेश्वर असं कर : मेट्रोने थेट दक्षिणेश्वर स्टेशन. तिथून मंदिरापर्यंत स्कायवॉक आहे, सरकते जिने आहेत. सकाळी लवकर जा, मोबाइल आत नेऊ देत नाहीत, तो आणि चपला ठेवायला रांग लागते. मंदिर १८५५ चं, राणी रासमणींनी बांधलेलं. दर्शन झाल्यावर घाटावरून बोटीने पलीकडे बेलूर. पण लक्षात ठेव, दोन्ही ठिकाणं दुपारी बंद होतात. म्हणून सकाळी एक, मध्ये जेवण-आराम, आणि बेलूर थेट चारनंतर, आरतीपर्यंत. बोटीत चढायला घाटाच्या पायऱ्या आहेत, भरती-ओहोटीप्रमाणे कमी-जास्त होतात. गुडघे नको म्हणाले तर सरळ टॅक्सी.

आणि संक्रांतीच्या आसपास बाबूघाटाकडे फिरकू नका. गंगासागरच्या यात्रेचे साधू आणि यात्रेकरू तिथे तळ ठोकून असतात. बघायला आवडत असेल तर जा, पण आजींना घेऊन नको.

आवळासुपारी
सूनबाई, तुमच्या पायावर डोकं. स्कायवॉकचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. कुमारटुली?

गरियाहाटची_सून
जा की! जानेवारीत रिकामी असते हा सगळ्यांचा गैरसमज. इथे वसंत पंचमीला घरोघर, शाळाशाळांत सरस्वती बसते. तुम्ही याल तेव्हा पंचमीला आठवडाच असेल. गल्लीभर पांढऱ्या सरस्वत्या, काहींना डोळे काढलेले, काही अजून नुसत्या मातीच्या, पेंढ्याचे हात बाहेर आलेल्या. दुर्गेच्या वेळी मूर्तीमागून मूर्ती इतकी दाटी असते की कारागीर दिसत नाही. आत्ता तो दिसतो. फोटो काढण्याआधी विचारा, वाट अडवू नका, त्यांचे कामाचे दिवस असतात.

आणि लेकीला एक गंमत सांग. इथली मुलं सरस्वती पूजेआधी बोरं खात नाहीत. खाल्ली तर नापास होतो!

दोन_घास
अरेरे, आणि आपण संक्रांतीला पोरांच्या डोक्यावर बोरं ओतून बोरन्हाण घालतो. म्हणजे महाराष्ट्रातली अख्खी पिढी नापास.

रिकामटेकडा
माझ्या दहावीच्या गणिताचं कारण आज कळलं.

पेठेतला_पाहुणा
कुमारटुली म्हणजे आपलं पेणच की. पेणला गणपती, इथे दुर्गा.

गरियाहाटची_सून
हो, फरक एवढाच की पेणच्या मूर्ती बऱ्याचशा साच्यातून निघतात. इथे बांबू आणि पेंढ्याचा सांगाडा, त्यावर माती. विसर्जनानंतर नदीत तरंगतो तो सांगाडा.

विमानवाला_नाही
हॉटेलबद्दल : न्यू टाऊनला राहा. नवी कोरी हॉटेलं, रुंद रस्ते, विमानतळ जवळ, इको पार्क बाजूला. त्याच पैशात पार्क स्ट्रीटला कोंदट खोली मिळते. ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर दुसरा विचारच नको.

फिरस्ती_मी
@विमानवाला_नाही, जोरदार असहमती. न्यू टाऊनला राहणं म्हणजे हिंजवडीत राहून शनिवारवाडा बघण्यासारखं. रोज जाऊन-येऊन दोन-अडीच तास टॅक्सीत. त्यापेक्षा पार्क स्ट्रीट, कॅमॅक स्ट्रीट किंवा एल्गिन रोड. मेट्रो चालत्या अंतरावर, दुपारी सासूबाईंना खोलीवर आणून आडवं करता येतं. आराम हाच तुमच्या सहलीचा मुख्य कार्यक्रम आहे, मान्य करा.

सडर स्ट्रीट स्वस्त आहे, पण ती पाठपिशवीवाल्या परदेशी पोरांची गल्ली. सासूबाईंना घेऊन तिथे नको. पैसे असतील तर ग्रँड किंवा ग्रेट ईस्टर्न, जुन्या दिमाखाची हॉटेलं आहेत. नसतील तर नुसती आत जाऊन कॉफी प्या.

विमानवाला_नाही
हिंजवडीची उपमा लागली. मागे घेतो.

चष्मिष
एक अनुभवाचा सल्ला. जुन्या भागात हॉटेल घेताना "लिफ्ट आहे का" एवढंच विचारू नका. "लिफ्ट तळमजल्यापासून आहे का" असं विचारा. जुन्या इमारतींत लिफ्ट नंतर बसवलेल्या असतात.

पेन्शनर_पंत
हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, इथल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू. आमच्या वेळी गणपतीत तिथे पुरणपोळी मिळायची, म्हणून आम्ही चालत जायचो. राहायची सोय होते, पण आधी फोन करून विचारावं.

दोन_घास
आता माझ्या खात्याकडे. नवरोबांची यादी घ्या :
न्यू मार्केटजवळ निझाम्स. काठी रोलचं जन्मस्थान तेच मानतात.
बिर्याणी कुठलीही खा, पण तिच्यातला बटाटा टाकू नका. बटाटा हाच मुद्दा आहे. लखनौचा नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये राज्य गेल्यावर इथे मटियाबुर्जला येऊन राहिला, त्याच्या मागोमाग आचारी आले, ही बिर्याणी त्यांची. बटाटा गरिबीमुळे घातला की हौसेमुळे, यावर इथे डोकी फुटतात.
पार्क स्ट्रीटवर पीटर कॅटचा चेलो कबाब. रांग असते.
रविवारी पहाटे टिरेटा बाजारात चिनी न्याहारी. आठपर्यंत संपत आलेली असते, उठवत असेल तरच.
आणि 'पाइस हॉटेल' चुकवू नका. नाव हॉटेल, राहायची सोय नाही. दुपारचं जेवण. भात वेगळा, डाळ वेगळी, मासा वेगळा, लिंबू वेगळं, केळीचं पानसुद्धा वेगळं धरून हिशेब. वाढपी तोंडानेच अख्खी यादी धडधड म्हणतो, रेल्वेतल्या विक्रेत्यासारखी.

आणि नोलेन गुड! शिंदीच्या रसाचा हिवाळी गूळ. संदेश, रसगुल्ला, पायेश, सगळ्यात. तुम्ही अगदी हंगामात जाताय, नशीबवान आहात. भीम नाग, नकूड नंदी, बलराम मल्लिक, कुठेही जा, पण काउंटरवर दोन शब्द म्हणा : "नोलेन गुडेर". जयनगरचा मोआ दिसला तर घ्या. लाहीचा लाडूच, पण त्या गुळात वळलेला, हातात घेतला की वास येतो.

कडूकारले
आणि सासूबाई बसतील संदेश खात चार दिवस. मूळ प्रश्न तसाच.

गरियाहाटची_सून
कारलेभाऊ, तुम्हालाच उत्तर देते. बंगालात शाकाहार नाही हे मला लग्नाआधी सगळ्यांनी सांगितलं होतं. खरं असं की इथे शाकाहाराला स्वतंत्र शब्द आहे, 'निरामिष', आणि जुन्या घरांत निरामिष म्हणजे कांदा-लसूणही नाही. ते दोन्ही आमिष. अगदी मसुराची डाळसुद्धा आमिष. हा स्वयंपाक विधवांच्या चुलीवर वाढला. मासे बंद, कांदा बंद, मसूर बंद, आणि मग उरलेल्या सालींतून, देठांतून, फुलांतून त्या बायकांनी जे उभं केलं ते आज चांगल्या उपाहारगृहात महाग मिळतं.

सासूबाईंसाठी : लुची आणि आलूर दम, खोबऱ्याचे काप घातलेली छोलार डाळ, शुक्तो, धोकार डालना (डाळीच्या वड्या रश्श्यात), आलू पोस्तो म्हणजे खसखशीतला बटाटा, बेगुन भाजा, शेवटी टोमॅटो-खजुराची चटणी आणि पापड. चटणी जेवणाच्या शेवटी येते, आधी मागू नका. ६, बालीगंज प्लेस किंवा भोजोहरी मान्ना इथे हे नीट मिळेल.

पण सावध! मुगाच्या डाळीत माशाचं डोकं घालायची इथे पद्धत आहे. कोबीच्या भाजीतही. केळफुलाच्या भाजीत कधी कोळंबी असते. "व्हेज आहे ना?" विचारलं तर वाढपी मनापासून "हो" म्हणेल, कारण त्याच्या मते ती डाळच आहे. "निरामिष तो? माछेर माथा नेई तो?" (निरामिष ना? माशाचं डोकं नाही ना?) असं विचारा.

रिकामटेकडा
डाळीत मासा नाही, माशाने डाळीत आंघोळ केली असेल फक्त.

आवळासुपारी
हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "चिवडा आणि गूळपोळ्या घे बरोबर."

मोडी_वाचक
मघाशी खंदकाचा विषय निघाला, म्हणून थोडं अवांतर. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालात उतरले, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी आणि कंपनीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे त्या बाजूला आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला, आजचे आचार्य जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र रस्ते. बागबाजारात 'मराठा डिच लेन' अजून आहे, कुमारटुलीपासून लांब नाही. पाटीचा फोटो काढून या. 'बर्गी' म्हणजे आपला 'बारगीर', सरकारी घोड्यावरचा स्वार.

संत्रानगरी
म्हणजे आम्ही न जाताच खंदक खणून घेतला. हा खरा दबदबा!

मोडी_वाचक
@संत्रानगरी, दबदबा म्हणताना जरा जपून. खंडणी नाही मिळाली की गावं जाळली गेली, ती कोणा मोगल सरदाराची नव्हती, तिथल्या विणकर-शेतकऱ्यांची होती. दहा वर्षं हे चाललं. त्यांच्या अंगाईत आपण राक्षस आहोत, आणि ते उगाच नाही. भास्कररामांनाही १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने भेटीला बोलावून दग्याने मारलं, हेही खरं. दोन्ही लक्षात ठेवायला हवं.

संत्रानगरी
हाव, बरोबर हाय तुमचं. गमतीत बोललो होतो. माह्या डोक्यात गावं जाळल्याचं नव्हतं.

पेन्शनर_पंत
आणि त्याच बंगालात रवींद्रनाथांनी शिवाजी महाराजांवर कविता लिहिली, सखाराम गणेश देउस्करांसारखा मराठी घरातला माणूस बंगालीत लिहून मोठा झाला. आमचे मेसमालक मला भांडण झालं की बर्गी म्हणायचे आणि पगार झाला की 'शिवाजीर देशेर लोक'.

चष्मिष
धागा इतिहासाकडे पळाला, ओढून आणतो. नदीखालची मेट्रो राहिली ना? एस्प्लनेडहून हावड्याला. नदीखालचा भाग पाऊण मिनिटात संपतो, बोगद्यात निळे दिवे लागले की समजायचं वर हुगळी आहे. बारा वर्षांच्या मुलीला नक्की आवडेल. हावडा मेट्रो स्टेशन खूप खोल आहे, सरकत्या जिन्यांवरून वर यायला नदी ओलांडण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. परत येताना मात्र बोटीने या, चहाच्या पैशात हावडा पूल खालून दिसतो. पूल १९४३ चा, नट-बोल्ट नाहीत, सगळं रिव्हेटवर. पुलाच्या पायथ्याशी मल्लिक घाटाचा फुलबाजार, सकाळी लवकर. झेंडूच्या माळांचे वेटोळे डोक्यावर घेऊन हमाल धावत येतात, तेव्हा आपण बाजूला व्हायचं असतं, ते होत नाहीत.

विमानतळावरूनही आता मेट्रो आहे. नोआपाड्याला गाडी बदलायची. सामान कमी असेल तर उत्तम.

दोन_घास
शनिवारी कॉलेज स्ट्रीटला पॅरामाउंटचं डाब शरबत. दुकान १९१८ चं, शहाळ्याची मलई आणि बर्फ. कॉफी हाऊसमध्ये काळी कॉफी हवी असेल तर 'इन्फ्युजन' म्हणा. कॉफी बेताचीच आहे, खरं सांगतो. तुरेवाले फेटे घातलेले वाढपी आणि वरचं उंच छत बघायला जायचं. आणि वरच्या मजल्यावर आहे, गुडघ्यांना विचारा.

आवळासुपारी
सगळ्यांचे आभार. आराखडा पार मोडून नवा केलाय. कालीघाट, सायन्स सिटी, इको पार्क, सुंदरबन गेले. लेक सायन्स सिटीसाठी रुसलीय. हॉटेल कॅमॅक स्ट्रीटच्या आसपास घेतलंय. आल्यावर लिहिते.

(आठ दिवसांनंतर)

आवळासुपारी
आलो! वृत्तांत वगैरे लिहायला जमणार नाही, पण तुम्ही एवढं सांगितलंत तर हिशेब द्यायला हवा.

आधी रडगाणं. चष्मिष, मी तुमचं ऐकलं नाही. हॉटेलला विचारलं, "लिफ्ट आहे का?" म्हणाले, "आहे." होतीच. पहिल्या मजल्यावरून सुरू होत होती. तिथपर्यंत एकोणीस दगडी पायऱ्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. सासूबाईंनी पहिल्या रात्री मोजल्या आणि मला आकडा सांगितला, बाकी काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी जवळच दुसरीकडे हललो, पहिल्यांनी एका रात्रीचे पैसे कापले. लिफ्टच्या प्रश्नाला माझ्याकडून दहादा अनुमोदन.

दक्षिणेश्वरला सात वाजता पोचलो. धुकं इतकं की गंगा नव्हतीच, नुसता पांढरा पडदा, त्यातून बोटींचे भोंगे. सासूबाई रामकृष्णांच्या खोलीत खाली बसल्या आणि वीस मिनिटं उठल्या नाहीत. लेक पण गप्प बसली, हे पहिल्यांदाच. बेलूरला टॅक्सीने गेलो, घाटाच्या पायऱ्या ओल्या होत्या. संध्याकाळची आरती झाल्यावर त्या म्हणाल्या, आता बाकी काही नाही दाखवलंत तरी चालेल.

पण दाखवलंच. कुमारटुलीत एक बाबा सरस्वतीच्या मूर्तीच्या बोटांना नखं काढत होते. काडीच्या टोकाने, प्रत्येक बोटाला. दुर्गेच्या दहा हातांना किती वेळ लागत असेल, म्हणून लेकीने मला विचारलं. मला काय माहीत! मग हातवारे करून त्यांनाच विचारलं, ते हसले आणि शेजारच्या पोराकडे बोट दाखवलं. म्हणजे नखं त्याच्याकडे असावीत.

मराठा डिच लेनची पाटी सापडली. समोरच्या चहावाल्याला सांगितलं, आम्ही मराठी. त्याने आम्हाला चहा दिला, मातीच्या भांड्यात, आणि पैसे चोख घेतले.

आता जेवण. चिवडा आणि गूळपोळ्या तशाच परत आल्या. सासूबाईंनी पहिल्या दिवशी केळफुलाची भाजी मागवली (कोळंबी नाही ना, विचारून), कारण नाव तेवढंच ओळखीचं होतं. "आपण वाल घालतो, यांनी बटाटा-खोबरं घातलंय, वरून तूप." मग मी त्यांना सूनबाईंनी लिहिलं होतं ते सांगितलं, विधवांच्या चुलीचं. त्या म्हणाल्या, "मसूरसुद्धा नाही?" नंतर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. (सासरे जाऊन सहा वर्षं झाली.) शेवटी वाढप्याला बोलावून अजून एक वाटी भाजी मागितली आणि मला म्हणाल्या, यात आलं किती बारीक चिरलंय बघ.

नवऱ्याने चार दिवसांत सात रोल खाल्ले. त्यावर जास्त लिहीत नाही.

फसलेलं : शनिवारी दुपारी कॉलेज स्ट्रीटला मी पुस्तकांत इतकी रमले की ठाकूरबाडीला पोचेपर्यंत बंद. रवींद्रनाथ राहिलेच. आणि ट्राम आम्हाला उभीच दिसली.

पेन्शनर_पंत
रवींद्रनाथांसाठी पुन्हा जावं लागणार तुम्हाला. माझी पण राहिली होती ठाकूरबाडी, चार वर्षं तिथे राहून. रोज वाटायचं, पुढच्या रविवारी.

गरियाहाटची_सून
केळफुलाचं वाचून सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणतायत, पुढच्या वेळी हॉटेल घ्यायचं नाही. आमच्याकडे लिफ्ट नाही, पण तळमजला आहे.

दोन_घास
सात रोल! वहिनी, त्यांना सदस्यत्व घ्यायला सांगा.

कडूकारले
बरं. मग मलाही तिसऱ्यांदा जाऊन बघायला हवं बहुतेक. ते शुक्तो म्हणजे नक्की काय असतं?

गरियाहाटची_सून
कडू भाजी. जेवणाची सुरुवातच तिने करतात. मुख्य घटक कारलं.

कडूकारले
हे पहिल्या पानावर सांगितलं असतंत तर इंदूरचं नाव काढलं नसतं.

नवाकोरा_सदस्य
छान धागा, सगळा वाचला नाही. आम्ही मे महिन्यात जातोय. नोलेन गुड मिळेल ना? आणि एका दिवसात सुंदरबन होईल का?

रिकामटेकडा
मिळेल, वाघाकडे.